कुस्कोहून एका दिवसाच्या सहली: आधी उंची बघा, मग अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या शेवटी तुम्ही दोघं आणि पासष्टीच्या आसपासचे आई-बाबा पेरूची राजधानी लिमाहून विमानाने कुस्कोला उतरणार. सहा रात्री एकाच हॉटेलात. रोज सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी इंद्रधनुष्यी डोंगर, तिसऱ्या दिवशी अख्खी सेक्रेड व्हॅली (कुस्कोजवळचं उरुबांबा नदीचं खोरं), चौथ्या दिवशी माचू पिचू, पाचव्या दिवशी राक्ची, सहाव्या दिवशी शहराच्या डोक्यावरचे अवशेष पायी चढून. सातव्या दिवशी बसने पुनो. बाबांना बीपीची गोळी सुरू आहे. हे जमेल का?

ठिकाणांच्या निवडीत खोट काढायला जागा नाही. क्रम मात्र जवळजवळ उलटा लागलाय. तुम्ही नकाशावर किलोमीटर मोजलेत, आणि सपाटीवरच्या कुठल्याही शहरासाठी ते बरोबरच ठरलं असतं. कुस्कोत मीटर मोजायचे. या भागात ग्रुप घेऊन येताना मी सहलीचा आराखडा करायला बसलो की प्रत्येक ठिकाणापुढे आधी उंची लिहितो, अंतर नंतर.

तर आधी उंच्या. लिमा समुद्रकाठी. कुस्को 3,400 मीटरवर, म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. विमान ही चढण सव्वा तासात उरकतं, शरीराला त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. शहराच्या डोक्यावरचं साक्सायवामान आणि त्याच्या पुढचे अवशेष 3,700 च्या घरात, चिंचेरो त्याहून जरा वर. मोराय 3,500. पिसाक गाव मात्र तीन हजारांच्या किंचित खाली, ओयांतायतांबो 2,800 च्या आसपास आणि माचू पिचू तर 2,430. म्हणजे सगळ्यात नावाजलेली जागा तुमच्या हॉटेलापेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. लोकांना हे उलटं वाटतं. माचू पिचूला धाप लागेल म्हणून घाबरतात आणि कुस्कोत पहिल्याच संध्याकाळी बॅगा घेऊन जिने चढतात. इंद्रधनुष्यी डोंगर, म्हणजे विनिकुंका, पाच हजारांच्या वर. तिथे दाब जवळपास निम्म्यावर येतो. तो तुम्ही दुसऱ्या दिवशी ठेवलाय.

म्हणून पहिली दुरुस्ती: विनिकुंका काढाच. निदान आई-बाबांसाठी तरी. पहाटे चारच्या सुमाराला गाडी निघते, तीनेक तासांचा प्रवास, मग साडेचार हजारांच्या वरून चाल सुरू. घोडे मिळतात, पण शेवटचा चढ पायीच आणि सगळ्यात अवघडही तोच. तुम्हा दोघांना जायचंच असेल तर चार रात्री या उंचीवर काढल्यावर जा, त्याआधी नाही. जाताना हेही लक्षात असू द्या की खनिजांमुळे आलेले ते रंग खरे असले तरी फोटोत दिसतात तेवढे भडक नसतात, आणि रात्री बर्फ पडला असेल तर पट्टे दिसतच नाहीत. पाल्कोयो नावाची तशीच रंगीत जागा आहे. तीही उंचच, 4,900 च्या आसपास, पण चाल थोडी आणि बरीचशी सपाट. निवड करायचीच झाली तर मी पाल्कोयो घेईन.

आता दिवसांची मांडणी.

पहिला दिवस कोरा. खरोखर कोरा. उतरल्यावर बरं वाटतं, हाच इथला सापळा. डोकेदुखी आणि मळमळ सहा ते बारा तासांनी सुरू होते, म्हणजे नेमकी रात्री. दुपारी झोप काढा, संध्याकाळी फार तर कोरिकांचापर्यंत सावकाश चक्कर मारा. इंकांच्या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी सान्तो दोमिंगोचा मठ बांधला. 1950 च्या भूकंपात मठाची पडझड झाली आणि आतल्या इंका भिंती जशाच्या तशा उभ्या राहिल्या. पुढच्या पाच दिवसांत तुम्ही जे दगडकाम बघणार आहात त्याची ओळख इथे होते, तीही सपाट रस्त्यावर. रात्री हलकं जेवा, किनवाचं सूप उत्तम. पिस्को सावरला (इथल्या दारूच्या कॉकटेलला) अजून वेळ आहे.

दुसरा दिवस दक्षिणेकडचा: तिपोन आणि पिकियाक्ता. तुमच्या यादीत हे दोन्ही नाहीत. पण उंची शहराएवढीच, रस्ता जवळचा, अर्ध्या दिवसात होतं आणि गर्दी जवळजवळ नसते. शरीराची चाचणी घ्यायला यापेक्षा बरी सहल नाही, कुणाचं डोकं दुखायला लागलं तर तासाभरात हॉटेलवर. तिपोनला गावापासून वर जाणारा वळणावळणाचा रस्ता पायी चढू नका, गाडी थेट वर न्या. वर गेल्यावर पायऱ्यांच्या शेतांपेक्षा पाण्याकडे बघा. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून येतं, एका धारेच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि चारही धारा शेजारी शेजारी सारख्याच पडतात. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं काम आजही वाहतं आहे. पाटाच्या कडेला बसून ते पाणी ऐकण्यात माझी अर्धी सकाळ जाते, ग्रुपमधले लोक कंटाळले तरी. (तिपोन गाव भाजलेल्या गिनी पिगसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या दुतर्फा भट्ट्या दिसतील. आई शाकाहारी असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.)

पिकियाक्ता इंकांचं नाहीच, त्यांच्या कित्येक शतकं आधीच्या वारी लोकांचं. आखीव चौकटीत बसवलेलं शहर, लांबच लांब उंच भिंती आणि त्यांत खिडक्या जवळपास नाहीतच. इंका बांधकाम बघण्याआधी हे बघितलं की कुस्को म्हणजे फक्त इंका हा समज आपोआप गळून पडतो. जवळच महामार्गालगत रुमिकोल्काचं दगडी द्वार आहे, दहा मिनिटं थांबा.

तिसरा दिवस पिसाक, आणि फक्त पिसाक. इथे मला तुमच्या 'अख्खी सेक्रेड व्हॅली एका दिवसात' या ओळीबद्दल बोलायचंय, कारण जवळपास प्रत्येक सहल कंपनी तेच विकते. पिसाक, उरुबांबात बुफे जेवण, ओयांतायतांबो, परतताना चिंचेरो. मध्ये चांदीचं दुकान आणि विणकामाचं प्रात्यक्षिक. हिशेब केला तर पिसाकला तासभर मिळतो. ओयांतायतांबोला तुम्ही दुपारी पोचता, पोट भरलेलं, पाय थकलेले, समोर दोनशेच्या वर पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर त्याच वेळी आलेल्या सगळ्या बसमधली माणसं. चिंचेरोला पोचेपर्यंत उजेड जातो. इथे वर्षभर साडेपाच-सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, उन्हाळा-हिवाळा फारसा फरक नाही, त्यामुळे 'संध्याकाळी बघू' हा प्रकारच नसतो. खोऱ्याला दोन दिवस द्या, तेही जमलं तर लागोपाठ.

पिसाकचे अवशेष गावाच्या वर डोंगराच्या सोंडेवर पसरलेत. गावातून पायवाटेने चढणं म्हणजे चारशेहून जास्त मीटरची दगडी चढण. तरुणही तिथे बसलेले दिसतात. टॅक्सीने वरच्या फाटकापर्यंत जा, तिथून सूर्यमंदिराच्या भागापर्यंत चाला. मग तुम्ही दोघं पायऱ्यांनी गावात उतरा, आणि आई-बाबांना त्याच वाटेने मागे फिरून टॅक्सीने खाली येऊ द्या. उतरणीच्या पायऱ्या गुडघ्यांना चढणीपेक्षा जड जातात, उंची-उंची करताना हे कुणी सांगत नाही. वरून दरीपलीकडच्या कड्याकडे नीट बघा. उभ्या कातळात भोकंच भोकं दिसतील. त्या इंका कबरी आहेत, फार पूर्वी लुटलेल्या. गाइडने दाखवल्याशिवाय बरेच लोक त्यांना पक्ष्यांची घरटी समजून पुढे जातात.

चौथा दिवस ओयांतायतांबो, मोराय आणि मारास. क्रम उलटा लावा. सहलींच्या बस दुपारी ओयांतायतांबोला येतात, तुम्ही सहाला निघून थेट तिथेच जा. अवशेष सकाळी सातपासून उघडे असतात. दोन तासांचा रस्ता आहे, आठला पोचलात तर किल्ल्याच्या पायऱ्या सावलीत आणि मोकळ्या मिळतील.

वर सूर्यमंदिराच्या अर्धवट भिंतीत सहा प्रचंड गुलाबी शिळा उभ्या आहेत. दोन शिळांच्या मध्ये हातभर रुंदीचीही नसलेली दगडाची उभी पट्टी बसवली आहे, दाराच्या फटीत पाचर ठोकावी तशी, पण इतकी घट्ट की नख जात नाही. या शिळांची खाण शेजारी नाही. नदीच्या पलीकडे, समोरच्या डोंगरात पाच-सहा किलोमीटरवर काचिकाता नावाची जागा आहे. तिथून दगड उतरवले, नदी पार केली आणि चढणीच्या वाटेवरून इथे वर ओढले. वाटेत सोडून दिलेले दगड अजूनही त्या बाजूला पडलेले आहेत. 1536 च्या स्पॅनिशांविरुद्धच्या उठावात इंका राजा मान्को इंकाने इथे तळ ठोकला आणि स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिझारोच्या घोडेस्वारांना मागे हटवलं. लढाईच्या वेळी खालचं मैदान पाणी सोडून भरून टाकलं होतं. वर उभं राहून खाली बघितलं की घोड्यांचं काय झालं असेल ते सांगावं लागत नाही.

बाबांना पायऱ्या नको वाटल्या तर सक्ती करू नका. खालचं गावच बघण्यासारखं आहे. इंकांनी आखलेल्या गल्ल्या, त्याच दगडी पायावरची घरं, बाजूने वाहणारे पाट, आणि माणसं अजून तिथेच राहतात.

तिथून परतीच्या वाटेवर मारासची मिठागरं आणि मोराय. मिठागरांचं तिकीट वेगळं, रोख सोलमध्ये (पेरूचं चलन), आणि ते पैसे गावकऱ्यांकडे जातात. हजारो छोट्या खाचरांची मालकी तिथल्या कुटुंबांत वाटलेली आहे. 2019 पासून खाचरांच्या मधून चालायला बंदी आहे, कडेच्या वाटेवरूनच बघायचं. जुन्या फोटोंत लोक बांधांवर उभे दिसतात, त्यावर जाऊ नका. मे अखेर म्हणजे कोरडा हंगाम सुरू झालेला, मीठ पांढरं दिसायला लागलेलं असतं. पावसाळ्यात तेच सगळं चिखलाच्या रंगाचं असतं. मोरायची वर्तुळाकार पायरीशेतं इंकांची 'प्रयोगशाळा' होती असं प्रत्येक गाइड ठामपणे सांगेल. वरच्या आणि तळाच्या पायरीच्या तापमानात फरक पडतो हे खरं, त्यामुळे अंदाज पटण्यासारखा आहे, पण लिहिलेला पुरावा इंकांनी ठेवलेला नाही, तेव्हा तो अंदाज म्हणूनच ऐका. चिंचेरो वेळ उरला तर.

आणि त्या रात्री कुस्कोला परत येऊ नका. हॉटेलची एक रात्र वाया जाईल, जाऊ द्या. ओयांतायतांबोलाच राहा. कारण माचू पिचू कुस्कोहून एका दिवसात करायचं म्हणजे पहाटे तीन-साडेतीनला उठून दोन तास रस्ता, दीड-दोन तास रेल्वे, रांग, मग अर्ध्या तासाची बस. तेवढंच पुन्हा परत. पंधरा-सोळा तासांच्या दिवसात प्रत्यक्ष अवशेषांमध्ये तीन तास. होत नाही असं नाही, रोज शेकडो लोक करतात. पण पासष्टीच्या माणसांना घेऊन, रात्र वाचवता येत असताना, का करायचं? ओयांतायतांबोहून रेल्वे स्टेशन चालत गाठता येतं. शिवाय त्या एका रात्री झोप कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली. सकाळी फरक जाणवतो.

आदर्श मांडणी विचाराल तर पहिल्या दोन-तीन रात्रीच खोऱ्यात काढायच्या आणि कुस्को शेवटी ठेवायचं. विमानतळावरून गाडी थेट उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला नेता येते. रस्ता चिंचेरोच्या उंचीवरून जातो, पण तेवढी काही मिनिटं त्रास देत नाहीत, त्रास देते ती झोपायची उंची. तुमचं हॉटेल रद्द होत नसेल तर वरची मांडणी चालवा. रद्द होत असेल तर आजच करा.

पाचवा दिवस माचू पिचू, संध्याकाळी कुस्को. तिकिटाला तारीख, वेळ आणि आतला मार्ग ठरवून दिलेला असतो, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आधी प्रवेशाचं तिकीट, मग त्याला जुळणारी रेल्वे. उलटं केलं की दोन्हींतलं एक फुकट जातं. मूळ पासपोर्ट बरोबर हवा, तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं, आणि रेल्वेत लहान बॅगच चालते. मोठ्या बॅगा कुस्कोच्या हॉटेलात ठेवा.

सहावा दिवस शहराच्या डोक्यावरचे चार अवशेष. तुम्ही लिहिलंय 'पायी चढून'. उतरून करा. टॅक्सीने सगळ्यात वरच्या तांबोमाचायला जा. समोरच रस्त्यापलीकडे पुका पुकारा. तिथून केन्कोपर्यंत काही किलोमीटर हळूहळू उतरणारा रस्ता आहे. आई-बाबांना तेवढ्यापुरती टॅक्सी द्या. पुढे साक्सायवामान, आणि मग जिन्यांनी थेट प्लाझा दे आर्मास, म्हणजे शहराचा मुख्य चौक. जवळजवळ सगळी वाट उताराची. साक्सायवामान मुद्दाम शेवटी, कारण ते बघून झाल्यावर बाकीचे तीन फिके वाटतात. नागमोडी वळणं घेत गेलेले तीन तट, आणि त्यातला सगळ्यात मोठा दगड शंभर टनांच्या वरचा धरला जातो. वरचे, उचलता येण्यासारखे दगड स्पॅनिशांनी खाली शहर बांधायला नेले. आपण जे बघतो ते त्यांना न हललेलं. तटाच्या कोपऱ्यावर एखाद्या दगडाला किती बाजू आहेत ते मोजून बघा, प्रत्येक बाजू शेजाऱ्याच्या बाजूला तासून मिळवलेली. हे शेवटच्या दिवशी ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे शहराच्या जवळ असल्यामुळे पाऊस, आजारपण किंवा बंद, काहीही झालं तरी दोन तासांत उरकता येतं.

राक्ची मी गाळलंय, आणि तरी तुम्हाला ते दिसणार आहे. कुस्कोहून जाऊन-येऊन चार-पाच तासांचा प्रवास होतो, पण ते पुनोच्याच रस्त्यावर आहे. साधी बस न घेता पर्यटकांसाठी असते ती दिवसाची बस घ्या. ती राक्चीला थांबते, बहुतेक वेळा आंदाउआयलियासच्या चर्चलाही. तिथल्या विराकोचा या इंका देवाच्या मंदिराची मधली भिंत खाली घडीव दगडाची आणि वर कच्च्या विटांची आहे, इतकी उंच की मान मागे टाकावी लागते. बाजूला गोल धान्यकोठारांच्या रांगा. ज्या दिशेने पुढे जायचंच आहे, त्या दिशेची सहल परत येऊन करू नये.

तिकिटांचं गणित सोपं आहे. 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्रित तिकीट असतं. पूर्ण तिकीट 130 सोल, दहा दिवस चालतं, सोळा जागा. तुकड्यातलं तिकीट 70 सोल: शहरावरच्या चार अवशेषांचं एक दिवसाचं, खोऱ्याचं दोन दिवसांचं, तिपोन-पिकियाक्ता आणि संग्रहालयांचंही दोन दिवसांचं. वरच्या मांडणीत तिन्ही तुकडे लागतात, तेव्हा पूर्णच घ्या. प्रत्येक जागी प्रवेश एकदाच. कोरिकांचा, मिठागरं आणि माचू पिचू यात येत नाहीत.

गाडीबद्दल. कोलेक्तिवो, म्हणजे भरली की सुटणारी सामायिक व्हॅन, स्वस्त आणि भरवशाची. कुस्कोत पिसाकला जाणाऱ्या पुपुती रस्त्यावरून आणि ओयांतायतांबोला जाणाऱ्या पावितोस रस्त्यावरून सुटतात. पण चौघांत आणि ज्येष्ठांसह दिवसभराची टॅक्सी घ्या. थांबे आधी नावानिशी ठरवा, दुकानात थांबायचं नाही हे स्पष्ट सांगा, आणि पैसे परत आल्यावर द्या.

तब्येतीचं थोडं. वय हा यात मोठा धोका नाही. आजारी पडतात ते बहुधा धडधाकट आणि घाईतले. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी, चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, म्हणजे लिमात. बाबांच्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल का, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त लागते, सोडा बेचव लागतो. हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, त्यांना घाबरू नका. ऑक्सिमीटर नेलात तर 90 च्या आसपासचे, कधी खालचेही आकडे दिसतील. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, चालताना तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ यापैकी काहीही दिसलं तर सहल तिथेच थांबवायची, डॉक्टर आणि ऑक्सिजन गाठायचा आणि रात्र खाली काढायची. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात फुकट मिळतो, प्यायला हरकत नाही, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. आणि परतताना बॅगेत एक पानही राहू देऊ नका, भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

मे अखेरीस दिवसा ऊन कडक, रात्री तापमान शून्याजवळ. टोपी, सनस्क्रीन आणि एकावर एक चढवता-काढता येतील असे कपडे. जाड कोट एकच घेऊन गेलात तर सकाळी सातला थंडी आणि अकराला घाम.

शेवटची गोष्ट 'पारो', म्हणजे बंद. या भागात रस्ते आणि रेल्वे अधूनमधून अडवली जाते, बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी कुणकुण लागते. हॉटेलच्या काउंटरवर रोज संध्याकाळी विचारत चला. तिसऱ्या दिवशी बातमी लागली तर पिसाक सोडा आणि त्याच दुपारी ओयांतायतांबो गाठा. माचू पिचूची रेल्वे तिथूनच सुटते, त्यामुळे मधला रस्ता अडला तरी तुम्ही अडकण्याच्या योग्य बाजूला असाल.